तीन बोटं खाली

ग्लेब किरोवहून परत आला तो मश्रूमची बरणी न घेता, आणि तिथेच क्लावाच्या मनात पाल चुकचुकली.

दर सप्टेंबरात तो आईकडे किरोवला बटाटे काढायला जायचा. आठवड्याने पेर्मला परतला की पिशवीत खारवलेल्या मश्रूमची बरणी हमखास असायची, तोंडाला फडकं बांधलेली, आणि ती टेबलावर ठेवल्याशिवाय तो अंगातला कोटसुद्धा काढायचा नाही. या खेपेला त्याने कोट काढला, बूट काढले, हात धुतले आणि मुकाट्याने लापशीची ताटली पुढे ओढली.

“आईनं मश्रूम नाही दिले?” क्लावाने विचारले.

“दिले होते. गाडीत राहिले, मावशी.”

“खायची वस्तू गाडीत राहिली? अरे, तू एकदा स्केट्स विसरला होतास, पण खाऊचा डबा कधी नाही.”

“म्हातारा झालो आता.”

“मेल्या, मिसरूड फुटून चार दिवस नाही झाले.”

समोर बसलेली तास्या, क्लावाची मुलगी, खळखळून हसली. तिला त्यात वावगे काही दिसले नाही. क्लावाला दिसले, पण ती गप्प राहिली. तिचा जन्म ट्राम चालवण्यात गेला होता, आणि रुळावर काही हलले की दर वेळी ब्रेक मारायचा नसतो हे तिला ठाऊक होते.

ग्लेब या घरचा नेमका कोण, हा प्रश्न शेजारणींनी कधीच सोडून दिला होता. मुलगा नव्हता, जावई नव्हता, भाडेकरू तर नव्हताच नव्हता. बर्फावरच्या नाचात मुली पोत्याने मिळतात आणि मुलगे चिमटीने, असे त्यांची कोच रिम्मा अर्काद्येव्हना म्हणायची. म्हणून ज्या घरात अशी मुलगी असते त्या घराला तिच्यासाठी जोडीदार मुलगा कुठून तरी शोधून आणावा लागतो, आणि आणला की पोसावा लागतो. ग्लेब शाळकरी वयात किरोवहून आला, स्वयंपाकघरातल्या घडीच्या खाटेवर झोपू लागला, आणि पाय खाटेबाहेर जाईपर्यंत तिथेच वाढला. तास्याही वाढली, अंमळ जास्तच. तो तिला शिडी म्हणायचा, ती त्याला फुकट्या म्हणायची. लोक विचारायचे, काय गं, तुमचं काही आहे की नाही? तसले काही नव्हते. पण ज्या मुलाचा हात रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या पाठीवर असतो, त्याच्याशी ‘काहीच नाही’ असे तरी कसे म्हणायचे? त्याला नाव नव्हते इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघे सरावाला उभी राहिली.

वॉल्झच्या पकडीत मुलगा पुढे तोंड करून सरकतो आणि मुलगी उलटी. तिला मागचे काही दिसत नाही, आणि मान वळवून बघायची सोय नसते. बघितले की कठड्यापलीकडून रिम्माची शिवी येते. मागे कठडा जवळ आला, कुणी पडलेले असले, बर्फात खाच असली, तर ते मुलीला एकाच वाटेने कळते: तिच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर टेकलेल्या मुलाच्या पंजातून. पंजा जरा दाबला की थांब, करंगळीकडे झुकला की वळ. तास्या लहानपणापासून अशी उलटी धावत आली होती, ग्लेबच्या तोंडाकडे बघत आणि त्याच्या पंजाच्या भरवशावर. रिम्माने पहिल्याच दिवशी तिला एक नियम घालून दिला होता. “पाठीनं हात शोधत फिरायचं नाही. पाठ राणीसारखी जागेवर राहते. हात चाकर आहे, तो येईल.”

त्या सकाळी हात आला, तो तीन बोटे खाली.

तास्याला वाटले, दमला असेल. पुढच्या फेरीतही तसाच. त्याच्या पुढच्या फेरीत तर तो इतक्या सवयीने तिथे जाऊन बसला की जणू आयुष्यभर तिथेच बसत होता.

“हात दुखतोय का रे?” तिने विचारले. “बटाटे जास्त उपसलेस?”

“नाही. का?”

“उगाच.”

“शिडे, पाय बघ तुझे. हाताचं मी बघतो.”

तिने पाय बघितले. पण लक्ष हातावरच राहिले. बटाटे काढून हात दुखतो, सुजतो, खाली सरकत नाही. हात खाली सरकतो तो एकाच कारणाने. तिच्यापेक्षा बुटक्या मुलीच्या पाठीवर तो दिवसचे दिवस टेकलेला असला, तर.

आणि मग जे जे कानावर येऊन गेले होते ते सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले. कुणी अमेरिकन बाप आपल्या मुलीला घेऊन मॉस्कोत उतरलाय, तिच्यासाठी रशियन मुलगा शोधतोय, एकेकाला बोलावून मुलीबरोबर नाचवून बघतोय. जो पसंत पडेल तो अमेरिकेत राहणार, तिच्याच देशासाठी खेळणार. ऑगस्टभर सगळी रिंक याच गोष्टीवर हसत होती. मॉस्कोला जाणारी गाडी किरोववरूनच जाते. ग्लेब किरोवला उतरलाच नव्हता. बटाटे कुणीच काढले नव्हते, म्हणून मश्रूमही कुणी दिले नव्हते.

बाईला नवऱ्याच्या सदऱ्याला परका वास आला की कळते म्हणतात. तास्याला तीन बोटांनी कळले.

तिने विचारले असते तर? मला वाटते ग्लेब खरे बोलला असता. लबाडी त्याला पेलत नव्हती, एक बरणीसुद्धा त्याला नीट हरवता आली नव्हती. पण विचारले की उत्तर येते, आणि उत्तर आले की त्याचे काहीतरी करावे लागते. शिवाय कठड्याच्या कडेकडेने इंगा फिरत होती. इंगाचा जोडीदार मागल्या वर्षी इस्रायलला निघून गेला. तेव्हापासून ती रोज यायची, दोन्ही हात वर उचलून वॉल्झची पकड घ्यायची, आणि समोर कुणी नसताना हवेला धरून सगळा नाच उलटा नाचायची. सुरुवातीला सगळ्यांना वाईट वाटायचे. मग लोक तिला वळसा घालून जायला शिकले. तास्याने इंगाकडे बघितले आणि तोंडातून ब्र काढायचा नाही असे ठरवले.

तिने ठरवले ते एवढ्यावरच थांबले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण हात खाली होता, आणि त्या हाताखाली तिची पाठ उपरी वाटत होती. म्हणून ती खाली आली. गुडघे थोडे जास्त वाकवले, कंबर थोडी सोडली, फरे जरासे गोल केले, आणि तीन बोटांचे अंतर मिटवून टाकले. पहिल्यांदा हात नीट बसला तेव्हा तिला रडू येईल इतके बरे वाटले. असे रोज करत राहिले, त्याला त्या दुसरीची आठवणच होऊ दिली नाही, तर तो जाणार नाही, असे मांडे ती मनात भाजत बसली. शहाण्या मुली असा वेडेपणा करतात, आणि तास्या शहाणीच होती.

“तास्या, पाठ,” रिम्मा कठड्यावर हात आपटायची. “कुबड काढून सलाम कुणाला करतेयस?”

“सरळच आहे की.”

“सरळ? बाजारात पोतं उचलणारी बाई तुझ्यापेक्षा ताठ चालते. जा, बघून ये.”

बाजार लांब नव्हताच. सोव्हिएत देश मोडल्यापासून रिंकच्या मालकीचा पत्ता कुणालाच नीट ठाऊक नव्हता, आणि अर्ध्या हॉलमध्ये फळ्या टाकून चामड्याचे कोट आणि तुर्कस्तानी स्वेटर विकणारे बसले होते. उरलेल्या अर्ध्यात बर्फ होता. वॉल्झच्या मधेच कुणीतरी आरशापुढे कोट घालून बघत असायचे.

घरी क्लावा तास्याचा सरावाचा स्वेटर घेऊन खिडकीशी बसली होती. तिनेच विणलेला, राखाडी लोकरीचा. आजवर तिने मुलीला जितके स्वेटर विणले ते सगळे एकाच जागी विरले, डाव्या फऱ्यावर, जिथे ग्लेबचा पंजा घासायचा. तिथे ती आधीपासूनच दुहेरी धागा घालायची. आता तो दुहेरी धागा धडधाकट होता, आणि त्याच्या खाली नवीच जागा विरत चालली होती.

क्लावाने स्वेटर उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

“आई, त्याला काही विचारू नकोस,” तास्या दारातून म्हणाली.

“मी कशाला विचारू? मी रफू करतेय.”

“आई.”

“तुला कळलंय ना?”

“हो.”

“मग तू विचार.”

“स्पर्धा झाली की. पहिल्या तिघांत आलो तर युरोपच्या स्पर्धेला जायला मिळतं. युरोपला गेलो तर तो कशाला जाईल कुठं?”

क्लावाने दातांनी धागा तोडला. “त्याला सूप वाढ जाऊन. खालच्या कपाटात बसाय आहे, ती घाल. पोरगं वाळत चाललंय.”

‘बसाय’ असे ती आंबट साईला म्हणायची. तिच्या आईकडचा शब्द होता, आणि ग्लेबशिवाय घराबाहेरच्या कुणाला तो कळत नसे.

राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी पीटर्सबर्गला होती. निघायच्या दिवशी सामान दारात ठेवून तिघे बसले. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचे, मग उठून मागे न बघता निघायचे. न बसता निघालेल्या माणसाचा प्रवास नीट होत नाही. ग्लेब घडीच्या खाटेवर बसला, तास्या सुटकेसवर, क्लावा स्टुलावर. कुणीच कुणाकडे बघितले नाही.

“चला,” क्लावा म्हणाली. “देवाचं नाव घ्या आणि निघा.”

पहिल्या दोन दिवसांत ती दोघे चौथी होती. तिसऱ्या दिवशी शेवटचा, मोठा नाच. त्यांच्या आधी तिसऱ्या क्रमांकाची जोडी उतरली आणि तिच्यातल्या मुलाचा पाय साध्या वळणावर अडकला. तो गुडघ्यावर गेला. आडोशाला उभ्या असलेल्या तास्याला लोकांचा ‘अरेरे’ ऐकू आला. तिला लाज वाटली, पण आनंदही झालाच. आता फक्त न पडता नाचायचे होते.

कठड्याशी रिम्माने दोघांच्या पात्यांवरची कव्हरे काढून घेतली आणि फरच्या कोटाच्या दोन खिशांत घातली, उजव्यात त्याची, डाव्यात तिची. तिची तशी रीत होती. पुढचे बोलायचे नाही हीही तिची रीत. बर्फावर उतरायच्या दिवशी उद्याचा विषय काढायचा नाही, चांगला नाही आणि वाईट तर नाहीच. मनात उद्या शिरला की पाय आजचे राहत नाहीत. ती दोघांकडे बघून नुसती हुंकारली. ग्लेब काहीतरी बोलायला गेला.

“गप,” रिम्मा म्हणाली. “नंतर.”

त्याने तास्याकडे बघितले. सकाळच्या सरावात त्याचे तोंड नेहमीसारखे कोरे होते. आता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले होते, लहानपणी बरणी टेबलावर ठेवताना असायचे तसे. तिला वाटले, तिसऱ्या क्रमांकाचा तो मुलगा पडला म्हणून.

नाच सुरू झाला. क्लावाने शिवलेला गडद चेरीच्या रंगाचा झगा, अकॉर्डियनवर बांधलेले संगीत. आधी दोघे शेजारी शेजारी, मग हातात हात, मग तो मांडीवर उचलून तिला गोल फिरवायचा तो भाग. सगळे जमत होते. तास्याला बर्फ खाली असल्याचेच भान नव्हते. वॉल्झ अगदी शेवटी होता. ती त्याच्यापासून सुटून, स्वतःभोवती फिरत फिरत लांब जायची, आणि फिरतच उलटी परत यायची, न बघता. तिथे त्याचा पंजा तिच्या पाठीची वाट बघत असायचा.

ती फिरली. परत आली. आणि सवयीने, गेल्या तीन महिन्यांच्या सवयीने, खाली आली.

पंजा तिथे नव्हता. तो वर होता. जिथे लहानपणापासून असायचा, नेमका तिथे. तिची पाठ त्याच्या खालून निसटली, त्याची बोटे तिच्या खांद्यावरून घसरून झग्याच्या पट्ट्यात अडकली. ती मागे जात राहिली, त्याला ओढत. मग तिचे पाते त्याच्या पात्याला लागले, आणि दोघे एकमेकांत गुंतून पडले आणि घसरत थेट कठड्याला जाऊन आपटले. अकॉर्डियन वाजतच होते.

उठले. उरलेला नाच पुरा केला. तो पुरा करावाच लागतो. तास्याला त्यातले नंतर काही आठवले नाही, एवढेच आठवले की पंजा शेवटपर्यंत वरच होता आणि तिला वर येता येत नव्हते. ती जीव खाऊन ताठ व्हायला बघत होती, पण पाठ ऐकत नव्हती.

गुणांची वाट बघायच्या बाकावर रिम्मा दोघांच्या मधे बसली. आकडे लागले. पाचवे. रिम्माने खिशातून कव्हरे काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची तिला आणि तिची त्याला दिली.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली.

“मी खाली आले,” तास्या म्हणाली.

“तू खाली का आलीस ते मला माहीत नसेल असं वाटतं तुला? त्याचा हात मॉस्कोहून आल्यापासून मी बघतेय. वाटलं, स्पर्धेआधी भांडण नको. म्हणून तुझ्या पाठीवर ओरडत बसले. आज सकाळी सरावानंतर हा माझ्याकडे आला. म्हणाला, मी त्या अमेरिकन माणसाला नाही म्हणून कळवतोय, मी जात नाही. मी म्हटलं, शहाणा आहेस, मग आधी हात वर घे, तुझ्या हातापायी पोरगी वाकतेय. आणि तिला आज काही सांगू नकोस, नाचाआधी मुलीला रडवायचं नसतं.” रिम्मा थांबली. “त्याला सांगितलं. तुला नाही सांगितलं. एवढी वर्षं जोड्या शिकवते, आणि अर्ध्या जोडीला शिकवून मोकळी झाले.”

तास्याने ग्लेबकडे बघितले. त्याच्या हनुवटीला बर्फ लागून खरचटले होते.

“मला वाटलं, तुला हातानंच कळेल,” तो म्हणाला. “हात जुन्या जागी आला की तुला कळेल, मी राहिलोय. मला वाटलं, त्याहून चांगलं कसं सांगणार?”

तिला कळले असते. त्यातच सगळे आले. ती जागेवर असती तर तिला त्या क्षणी, त्या एका पंजातून, जगातले सगळे कळले असते. तो निरोप घेऊन आला होता आणि ती त्याच्यासाठीच दार सोडून खाली उतरली होती.

परतीच्या गाडीत दोघे डब्याच्या बोळात उभे राहिले. बाहेर दुपारच्या उजेडात बर्फाची शेते जात होती. डबा सांभाळणाऱ्या बाईने चहाचे दोन पेले दिले. दोघांनी नुसते हातात धरून ठेवले.

“मला तेव्हाच विचारायचंस ना, शिडे.”

“तू तेव्हाच सांगायचंस.”

“मी नुसता बघायला गेलो होतो. सगळेच जात होते. तिथं बर्फ कसला होता म्हणून सांगू, आरशासारखा. कोट विकणारे नाहीत, दिवे जात नाहीत. तिच्याबरोबर नाचलो, आणि पाचव्या दिवशी लक्षात आलं की आपण तुला विसरलोय. म्हणजे नाचताना. घाबरून पळून आलो.”

“ती कशी आहे?”

“बुटकी.”

“ते मला माहीत आहे.”

तो हसायला गेला आणि त्याला जमले नाही. किरोव आले. फलाटावर पोतीभर सामान घेतलेल्या म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. तो उतरला नाही.

“त्या माणसाला फोन केलास? नाही म्हणून?”

“अजून नाही. स्पर्धा झाल्यावर करणार होतो.”

“मग कर,” तास्या म्हणाली. “हो म्हणून सांग.”

“वेडी आहेस का? मी राहतो म्हणालोय.”

“राहशील. मला माहीत आहे राहशील. आणि मी रोज बघत बसेन, हात कुठं येतोय, वर की खाली, दयेनं आलाय की मनानं. मला तसं उलटं धावता येणार नाही, ग्लेब. मला मागचं दिसत नाही.”

पेला त्याच्या हातात निवला. शेवटी त्याने होकारार्थी मान हलवली, आणि ती त्याच्याकडे न बघता खिडकीतून बघत राहिली, कारण तिला वाटले होते तो नाही म्हणेल. अजून एकदा तरी.

पुढचे सांगायला फार नाही. तास्याने वसंतात दोन मुलांबरोबर नाचून बघितले. दोघेही उंच, दोघेही भले. पहिला म्हणाला, सरळ उभी राहशील का? दुसरा सभ्य होता, तो काहीच म्हणाला नाही, पुन्हा आला नाही इतकेच. तिची पाठ हात शोधायला शिकली होती, आणि एकदा शिकली की रिम्मालाही ते काढता येईना. काही महिने तीही इंगाच्या मागोमाग कठड्याच्या कडेने हवेला धरून फिरली. लोक तिलाही वळसा घालून जायला लागले. मग कोटवाल्यांनी उरलेला अर्धा हॉलही घेतला आणि तो प्रश्न मिटला. आज ती दुसऱ्या एका रिंकमध्ये बारक्या मुलींना उभे राहायला शिकवते. फार कडक आहे म्हणतात. मुलीची पाठ जरा वाकली की तिचे डोके फिरते.

पण ग्लेब निघाला त्या दिवसाचे सांगायचे राहिले.

जानेवारी होता. त्याची पिशवी तीच, जुनी. क्लावाने त्यात लोकरीचे मोजे घातले, लसूण लावून खारवलेल्या चरबीचा डबा घातला, पुन्हा काढला. “अमेरिकेत हे नेऊ देतात का कुणास ठाऊक,” ती म्हणाली, आणि पुन्हा घातला.

“मावशी, तिथं खायला मिळतं.”

“तू खायची वस्तू विसरतोस हल्ली. असू दे.”

तो डोळे पुसत हसला. मग तिघे बसले. तो खाटेवर, तास्या स्टुलावर, क्लावा पिशवीशेजारी जमिनीवरच. या वेळचा क्षण लांबला. क्लावाला ‘चला’ म्हणवेना. शेवटी तास्याच म्हणाली.

उंबऱ्यावर निरोप घेत नाहीत, म्हणून तो आत वळला. क्लावाला त्याने घट्ट धरले, तिने त्याची पाठ थोपटली, कान धरला, सोडला. मग तो तास्यापुढे आला. ती भिंतीला टेकून, सरळ, ताठ उभी होती. खाली यायचे नाही असे तिने ठरवले होते. गेला तर ताठ पाठ बघून जाऊ दे. त्याने हात पुढे केला आणि तिला जवळ घेतले, आणि त्याचा पंजा न शोधता, न चुकता तिच्या डाव्या फऱ्यावर येऊन बसला. जुन्या जागी. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

दोघांनाही ते कळले. तो तसाच उभा राहिला, जरा जास्तच वेळ, आणि खालून टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला.

तो गेल्यावर क्लावाने खाटेवरची चादर काढली, खाट मिटली आणि भिंतीशी उभी केली. स्वयंपाकघर एकदम मोठे दिसायला लागले. तास्या अजून तिथेच भिंतीशी ताठ उभी होती.

“बस आता, पोरी,” क्लावा म्हणाली. “गेला तो.”